कुंकवाखालचा आठ

कचेरीजवळच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मोठं मशीन, एक छोटं मशीन, एक स्कॅनर, लोखंडी कपाट आणि मी. गेली अठरा वर्षं मी लोकांचे सातबारे, जन्मदाखले आणि भावाभावांच्या भांडणांचे कागद काचेवर पालथे घालत आले आहे. गिऱ्हाईक समोर आलं की मी आधी त्याच्या हातातला कागद बघते, तोंड नंतर. कागद मळका किंवा चार घड्या घातलेला दिसला की माझं डोकं फिरतं, आणि दोन शब्द सुनावल्याशिवाय मला राहवत नाही. "काका, हे मृत्युपत्र आहे, भज्यांचा कागद नाही," असं मी एकदा एकांना म्हणाले होते. ते अजून माझ्याकडेच येतात.

एवढा तोरा मिरवणाऱ्या बाईची मागच्या हिवाळ्यात जी फजिती झाली, ती मी बरेच दिवस कोणाला सांगितली नव्हती. आता सगळं पार पडलंय, तेव्हा सांगायला हरकत नाही. खरं तर सांगताना छातीत पुन्हा तसंच धडधडतं आणि ते मला आवडतं.

गोष्ट बंदुकीच्या परवान्याची आहे. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, दिंडोरी रोडच्या पुढे शहराबाहेर फुलशेती करतात. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. मळ्याच्या एका अंगाला दुसऱ्यांचा ऊस आहे आणि त्या उसात बिबट्या असतो. रानडुकरं तर बोलावल्यासारखी येतात. म्हणून नानांकडे तरुणपणापासून बाराबोरची एकनळी बंदूक आहे, पीकसंरक्षणाच्या परवान्याची. तिचा बार आजवर हवेतच निघाला आहे, पण ती घरात आहे म्हटल्यावर पहाटे फुलं तोडायला जाताना पाय जरा सरळ पडतात. माझं सासर तिथून जवळच. मी रोज सकाळी माहेरच्या मळ्यात फुलं तोडायला असते आणि दहाला दुकानात. धाकटा भाऊ पुण्यात कंपनीत आहे. त्याचा फुलांशी संबंध गणपतीत ती विकत घेण्यापुरता.

नानांनी सत्तरी ओलांडली. सत्तरीनंतर परवाना वारसाच्या नावावर करून मागता येतो, हे मला दुकानातच कळलं, एका गिऱ्हाइकाच्या अर्जाची झेरॉक्स काढताना. लोकांचे कागद वाचू नयेत हे मला कळतं, पण मी वाचते. संध्याकाळी मळ्यात जाऊन नानांना सांगितलं. ते बांधावर बसून शेवंतीच्या रोपांची माती झाडत होते.

"मंग तुझ्या नावावर करू," ते म्हणाले. "तूच हायेस ना हितं."

एवढंच. मला वाटलं होतं, भावाचं नाव निघेल. घरात मुलगा असताना बंदूक मुलीच्या नावावर, हे आमच्या भावकीत कोणी ऐकलेलं नव्हतं. मी उडी मारायचीच बाकी होते. बेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, आणि घरी जाताना स्कूटीवर मोठ्यांदा गाणं म्हणत गेले.

अर्जाला शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. तिथे मी एकटी बाई होते. पहिला बार काढला तेव्हा बंदुकीचा दस्ता खांद्यावर असा बसला की आठवडाभर निळा डाग होता. तो जावेला, नणंदेला, शेजारणीला, सगळ्यांना दाखवून झाला. डाग गेला तेव्हा मला वाईट वाटलं.

मग राहिले कागद. माझ्यासारख्या बाईला कागदांची काय भीती? पण इथेच गोम होती. नानांचा एक नियम होता की बंदुकीच्या कागदाची नक्कल करायची नाही. "नक्कल म्हंजी नक्कल," ते म्हणायचे. "उद्या तिच्यावर कोनी काडतुसं उचलली मंग?" मी अठरा वर्षं झेरॉक्स काढतेय, अख्ख्या तालुक्याचे कागद माझ्या काचेवरून गेले, आणि घरच्या एकाच कागदाला तिथे यायची बंदी. मी दरवर्षी भांडायचे. ते दरवर्षी ऐकून घ्यायचे आणि परवान्याचं ते लहान पुस्तक पुन्हा डब्यात ठेवायचे. पत्र्याचा डबा, त्यात कडुनिंबाचा पाला, पाल्यावर फडकं, फडक्यात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत पुस्तक.

या वेळी मात्र कचेरीनंच प्रती मागितल्या होत्या, म्हणून नानांचा नाइलाज झाला. ते स्वतः पुस्तक घेऊन दुकानात आले आणि मशीनच्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले. मी पानामागून पान काढत होते. मी कागद बघत नव्हते, प्रकाशाची पट्टी सरकताना बघत होते. इतक्या वर्षांनी ते पुस्तक माझ्या काचेवर आलं होतं, मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

"किती निघाल्या?" नानांनी विचारलं.

"तीन."

"तीनच ना?"

मी प्रत्येक प्रतीवर आडव्या अक्षरांत लिहिलं, ‘फक्त परवाना हस्तांतराच्या अर्जासाठी’, खाली तारीख टाकली आणि नानांची सही घेतली. म्हटलं, आता हिच्यावर कोणाला दुसरं काही करता यायचं नाही. त्यांनी एकेक प्रत डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि जी वाकडी निघाली होती ती घडी करून खिशात घातली. तरी त्यांचा चेहरा थोडा सैल झालेला मला दिसला.

अर्ज दिला. पोलीस ठाण्याचा माणूस घरी येऊन बंदूक पाहून गेला. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असताना कचेरीतून फोन आला, मूळ पुस्तक घेऊन या. नाना आणि मी गेलो. शस्त्रांच्या टेबलावर एक भाऊसाहेब होते, शांत, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"ताई, कॉम्प्युटरात बंदुकीच्या नंबरचा शेवटचा आकडा तीन आहे. ठाण्याच्या अहवालात आठ. दोन बंदुका आहेत का तुमच्याकडे?"

"छे हो! एकच आहे."

"मग पुस्तक बघू."

मी नंबराचं पान उघडलं. नंबर इंग्रजी आकड्यांत होता आणि शेवटच्या आकड्यावर कुंकवाचा एक गोल, जाड, काळपट लाल डाग होता. आकड्याची डावी बाजू त्याच्याखाली गेली होती. उजवीकडे जे उरलं होतं ते अगदी स्पष्ट तीनसारखं दिसत होतं. काही वर्षांपूर्वी कॉम्प्युटरात नोंद करताना कोणीही तीनच लिहिला असता. माझ्या झेरॉक्समध्ये तर तिथे नुसता काळा ठिपका आला होता, आणि मी, कागदांची मास्तरीण, तो न बघता जोडून मोकळी झाले होते.

भाऊसाहेबांनी बंदूक विकत घेतल्याचं बिल विचारलं. जुन्या रजिस्टरात परवाना दिल्याची नोंद होती, पण बंदूक नंतर घेतलेली, तिचा नंबर फक्त पुस्तकात चढवलेला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "असं बघा. कागदावर तीनची बंदूक आहे, ती तुमच्या घरात नाही. घरात आठची आहे, तिला परवाना नाही. नानांच्या परवान्याची मुदत महिनाअखेर संपतेय. तोवर पुरावा आणा. नाहीतर हस्तांतर राहिलं बाजूला, बंदूकच ठाण्यात जमा करावी लागेल. मग पुढचं सगळं साहेबांच्या हातात."

नानांनी पुस्तक उचललं आणि शर्टाच्या आत धरलं. चाळीस वर्षं एकही चूक न करता सांभाळलेलं पुस्तक होतं ते. आणि तो डाग कोणाचा आहे हे मला टेबलाशी उभी असतानाच कळून चुकलं होतं.

तो माझा होता. दसऱ्याला आमच्याकडे विळे, खुरपी, मोटर, ट्रॅक्टर, सगळ्याची पूजा होते आणि पूजेचं कुंकू घरच्या लेकीनं लावायचं. मी पाच-सहा वर्षांची असताना नाना म्हणाले होते, "बंदुकीला लाव, आन् तिच्या पुस्तकालाबी लाव." मी विचारलं, पुस्तकाला कुठे लावू? "कपाळाला," ते म्हणाले. आता पुस्तकाचं कपाळ कुठे असतं? मी पानं उलटून पाहिली. एका ओळीत बंदुकीचा नंबर होता. मला वाटलं हे तिचं नाव. नाव आहे तिथे कपाळ असणार. वणीहून आईनं आणलेलं कुंकू, पाण्यात कालवलेलं, मी नंबराच्या शेवटी नीट टेकवलं. पुढच्या वर्षी बरोबर त्याच जागी. जागा चुकू नये याचा मला केवढा अभिमान होता! लग्न झालं तरी दसऱ्याला यायचे आणि लावायचे. मागच्या दसऱ्यालासुद्धा, रोज लोकांना कागद सांभाळायचे धडे देऊन, बोट बुडवून त्याच जागी ठेवलं होतं. हाताला सवय होती, मी बघतही नव्हते.

कचेरीच्या बाहेर चहाच्या टपरीशी आलो. नाना म्हणत होते, पुस्तकाला ओल लागली असंल. त्यांना तसंच वाटू द्यावं असं माझ्या मनात आलं, नाही असं नाही. पण मला ते जमेना.

"नाना, ओल नाही. कुंकू आहे. मीच लावलंय, लहानपणापासून, नेमकं त्या आकड्यावर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चहावाल्याकडे पाहिलं. "दोन दे," म्हणाले. संध्याकाळी मळ्यात मी शेवंतीचे गड्डे बांधत होते तेव्हा ते फोनवर भावाशी बोलत होते. "तू ये," एवढंच मला ऐकू आलं. "सायेबांपुढं उभं ऱ्हायला तूच ये." मी गड्डा सोडून पुन्हा बांधला. आपलं नाव गेलं, असंच मला वाटलं. आणि राग कोणावर काढणार? स्वतःच्याच बोटावर?

पण रडत बसायचा माझा स्वभाव नाही. नाव गेलं तर गेलं, नानांवर बालंट यायला नको. पुरावा मीच शोधणार होते.

आधी बिल. ते होतं! डब्यात, त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी आनंदानं उघडलं तर कागद कोरा. कार्बनची अक्षरं कागद सोडून पिशवीला चिकटली होती. प्लॅस्टिक असंच करतं. मी रोज लोकांना ओरडते, महत्त्वाचा कागद प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, सुती कापडात साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा, एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. घरी कोणी ऐकेल तर शपथ! मग एक कल्पना सुचली. मी कोऱ्या बिलाऐवजी पिशवीच स्कॅनरवर ठेवली, वर काळा कागद धरला आणि चित्र उलटं करून पाहिलं. अक्षरं उमटली! नानांचं नाव आलं, ‘एकनळी’ आलं, दुकानदाराची लफ्फेदार सही आली. नंबर नेमका घडीवर होता. तिथे पिशवी विटून पांढरी पडली होती. मी तीन वेळा स्कॅन केलं. तिन्ही वेळा तिथे पांढरंच.

दुसऱ्या दिवशी चक्क गिऱ्हाइकाशी बोलता बोलता वाट सापडली. तो निवडणुकीच्या ड्युटीचा कागद घेऊन आला होता, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. निवडणूक! आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करतात. निवडणूक झाली की पावती परत द्यायची आणि बंदूक आणायची. पावत्या आमच्याकडे नव्हत्या, पण ठाण्याचं रजिस्टर कुठे जाणार? मी शटर अर्धं ओढून तशीच ठाण्यात गेले.

तिथले हवालदार वयस्कर होते, नानांना ओळखणारे. म्हणाले, "रजिस्टरं हायेत, ताई. पण ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत निवडणुका मोजा किती झाल्या. आन् तुम्हाला जुनी नोंद पायजे, कॉम्प्युटरच्या आधीची. तवा बंदुकीवरचा नंबर आन् पुस्तकातला नंबर दोन्ही बघूनच लिवायचे. तारीख आना, दहा मिन्टात काढून देतो."

तारीख! नानांना तर वर्षही आठवेना. मी आईला विचारलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती.

"मला कशाला आठवाया पायजे?" ती म्हणाली. "क्यालेंडरवर लिवलेलं असतंय की."

"कोणत्या कॅलेंडरवर?"

"त्या त्या वर्साच्या."

"आणि ती कुठायत, आई?"

तिनं पिठाच्या बोटानं मांडणी दाखवली. "डब्यांखाली."

पुढचा दीड तास आमच्या स्वयंपाकघरात जो गोंधळ झाला तो मी जन्मात विसरणार नाही. मांडणीच्या सात फळ्या, प्रत्येक फळीवर डबे, डब्यांखाली कॅलेंडरची पानं थरावर थर. मी डबे उतरवत होते, नाना पानं सोडवत होते आणि आई एकेक पान झटकून वाचत होती, तीन इयत्ता शिकलेली आई, बोट ठेवून. गॅस लावला. गाय व्याली. शेवंतीची रोपं आली. एका चौकोनात होतं, ‘ताईला पाहायला आले’, आणि दोन चौकोन सोडून, ‘नाही म्हणाले’. मला त्या लोकांचा पुन्हा नव्यानं राग आला. आई हसायला लागली, नाना हसायला लागले, आणि मग मीही. हळदीचा डबा उलटला. कोणी उचलला नाही.

आणि मग सहाव्या फळीवर, साबुदाण्याच्या डब्याखाली, आई थबकली.

"बंदूक दिली," तिनं वाचलं.

मी ओरडलेच. तेलकट पान होतं, पण महिना होता, वर्ष होतं, तारीख होती, चौकोनात आईचं ठसठशीत अक्षर होतं. कॉम्प्युटरच्या कितीतरी वर्षं आधीचं. मी आईला मिठी मारली, पिठासकट. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की महत्त्वाची गोष्ट दोन ठिकाणी लिहून ठेवा. आमच्या घरात ते एकटी आई करत होती आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

सकाळी ठाणं उघडायची वाट बघत आम्ही बाहेर बाकावर बसून होतो. ठाणी बंद होत नाहीत हे मला हवालदारांनी हसत सांगितलं. त्यांनी कापडी पाठीचं रजिस्टर काढलं, धूळ फुंकली, तारखेचं पान उघडलं. बोट खाली सरकत गेलं. नानांचं नाव आलं.

नंबर मराठी आकड्यांत लिहिलेला होता. शेवटचा आकडा ८.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इंग्रजी आठाची डावी बाजू झाकली की त्याचा तीन होतो. मराठी आठाचं तसं नाही. ८ आणि ३ यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. वाटल्यास मूठभर कुंकू फासा त्याला, त्याचा तीन होणार नाही. कोणा अनोळखी हवालदारानं नीट मराठीत लिहून ठेवला होता, आणि पुढच्या रकान्यात, ‘परवान्याशी पडताळून पाहिले.’ मी त्या ओळीवरून बोट फिरवलं. हवालदारांनी फिरवू दिलं.

"अर्ज द्या," ते म्हणाले, "साहेबांची सही झाली की खरी नक्कल मिळेल."

"नक्कल आन् खरी?" नाना म्हणाले. "असं कधी असतंय का?"

"सही-शिक्का झाला की नक्कलबी खरी होती, नाना."

नाना यावर परतीच्या वाटेत बराच वेळ विचार करत होते.

आता राहिलं प्रतिज्ञापत्र, पुस्तकातला आकडा कसा खराब झाला याचं. माझ्या दुकानाशेजारी एक टायपिस्ट काका बसतात. त्यांनी न विचारता टाइप करायला घेतलं, ‘पाणी लागून अक्षरे पुसट झाली.’

"काका, पाणी नाही लागलं."

"अगं, सगळे हेच लिहितात. साहेब लोक वाचतात आणि पुढे सरकवतात. कुंकू लिहिलंस तर दहा प्रश्न. आणि अर्जदार तूच! अर्जदारानंच पुस्तक खराब केलं म्हटल्यावर परवाना देतील होय तुला?"

ते खोटं बोलत नव्हते. मी तिथे उभी राहून दोन मिनिटं खरंच डळमळले. माझं नाव तसंही डळमळीत झालं होतं, भाऊ पुण्याहून निघालाही होता. मग मात्र मला माझाच संताप आला. अठरा वर्षं मी खऱ्या प्रती काढायचं काम करतेय आणि स्वतःचा पहिला कागद खोटा देऊ? "लिहा," मी म्हटलं, "दसऱ्याच्या पूजेत माझ्या हातून दरवर्षी कुंकू लागल्यामुळे." काकांनी मान हलवत टाइप केलं.

अर्जावर कचेरीत सुनावणी लागली, त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. नाना नव्या टोपीत, भाऊ इस्त्रीच्या शर्टात, मी फाइल छातीशी धरून. भावानं रस्त्यात मला काही विचारलं नाही, मीही काही विचारलं नाही. अधिकारी बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी खरी नक्कल पाहिली, ठाण्याचा अहवाल पाहिला, बिलाच्या पिशवीचा स्कॅन पाहून हसल्या. "नंबरचा प्रश्न मिटला," त्या म्हणाल्या, आणि मला वाटलं मी खुर्चीतून वर उडेन. नानांवरचं बालंट गेलं होतं.

मग त्यांनी प्रतिज्ञापत्र हातात घेतलं. त्या ते वाचत गेल्या आणि त्यांचं हसू गेलं.

"हे तुम्ही केलंत?" त्यांनी मला विचारलं.

"हो, मॅडम."

"दरवर्षी?"

"हो."

त्यांनी नानांकडे पाहिलं, मग भावाकडे. "आजोबा, परवान्याचं पुस्तक सांभाळणं ही शस्त्र सांभाळण्याइतकीच जबाबदारी असते. मुलगा आहे तुमचा, शिकलेला आहे, इथे आलाही आहे. मग हिच्या नावावर कशाला?"

नानांनी भावाला कशासाठी बोलावलं, ते आता कळणार होतं. भाऊ पुढे झाला आणि त्यानं खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला, हरकत नसल्याचा, स्टॅम्पपेपरवर. "मला नाना म्हणाले, साहेबांसमोर येऊन स्वतः सांग," तो म्हणाला. "माझी हरकत नाही. तिलाच द्या."

"ते ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "पण मी आजोबांना विचारतेय."

नाना खुर्चीतून उठले. बसून बोला म्हटलं तरी बसले नाहीत.

"म्याडम, पोरगा माझा गुणी हाय. पन मागल्या सालच्या दिवाळीत यानं जुन्या हिरीवरली मोटर जाळली, आन् मला होळीला दुसऱ्याकडनं कळलं."

"नाना!" भाऊ म्हणाला, पण त्याला हसू आवरत नव्हतं.

"हिनं हे कुंकवाचं मला त्याच दिशी सांगितलं, चहा पोटात जायच्या आत. कोनी विचारलं नव्हतं. म्हनलं असतं ओल लागली, तर मीबी तेच धरून बसलो व्हतो." नाना थांबले. त्यांचा आवाज जरा बसला होता. "बंदूक हाय, म्याडम. तिच्यात चूक झाली तर लगीच सांगनाराच्याच हातात ती पायजे. मला दुसरं काय कळत नाय."

मी त्यांच्याकडे पाहूच शकले नाही. त्या टपरीवरच्या दोन चहांपासून आतापर्यंत मी ज्याला शिक्षा समजत होते ते काहीतरी भलतंच होतं.

मॅडमनी प्रतिज्ञापत्र पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पेनचं टोपण काढलं आणि माझ्या अर्जावर सही केली.